इंग्रजी शब्दाचं गाव कसं शोधायचं: स्पेलिंग घोकायच्या आधी करायची कामं

आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला संध्याकाळी आठवी-नववीच्या पोरांची बॅच असते, अकरा पोरं आणि एक टेबल फॅन, आणि मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकानं सरळ विचारलं, "मॅडम, नाइफमधला के बोलाचाच नाही तं लिहाचा काहून?" पंधरा वर्षं झाली शिकवून राहिली मी, आणि उत्तर काय दिलं तर "सायलेंट आहे, पाठ कर." पोरगा गप्प बसला पण मला ते टोचत राहिलं, कारण तो के काही हौसेनं बसलेला नाही तिथे, एकेकाळी लोक तो चांगला खणखणीत बोलायचे, आणि हे मला माहीत असूनही मी सांगितलं नाही कारण पोर्शन संपवायचा होता.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता स्पेलिंग पाठ करायच्या आधी शब्दाचं गाव शोधायचं, म्हणजे तो इंग्रजीत कोणाबरोबर, कधी आणि कोणत्या दारातून आला ते. घरी पोरांना शिकवणारे आईबाप, स्पर्धा परीक्षावाले, कोणालाही जमण्यासारखं आहे म्हणून लिहून ठेवते.

सामान थोडंच लागतं. एक दोनशे पानी वही, पाच रंगांचे पेन, आणि मोबाइलमध्ये अशी डिक्शनरी जिच्यात अर्थाच्या खाली शब्दाचं ओरिजिन दिलेलं असतं. हिरवा पेन जुन्या घरच्या इंग्रजीला, निळा व्हायकिंग लोकांनी आणलेल्या शब्दांना, लाल फ्रेंचला, काळा लॅटिन-ग्रीकला आणि केशरी बाकीच्या जगाला. केशरी काहून ते पुढे येईलच, आपण नागपूरचे आहोत, अंदाज आला असेल.

आता इंग्रजीला हात लावायच्या आधी मराठीवर प्रॅक्टिस करा, हे लोक टाळतात आणि मग सगळं डोक्यावरून जातं. वहीच्या पहिल्या पानावर पोराला लिहायला सांगा: घर, चूल, हात, पाणी, भाकर. दुसऱ्या ओळीत वकील, जामीन, फिर्याद, अर्ज, कागद. तिसऱ्या ओळीत विद्यापीठ, न्यायालय, महाविद्यालय. पहिली ओळ आजीच्या तोंडची, दुसरी फारसी-अरबीतून आलेली, तिसरी संस्कृतातून मुद्दाम घडवलेली. काहून असं? कारण ज्यांचं राज्य असतं ते कोर्टकचेरीत आपली भाषा टाकून जातात, चुलीपाशी मात्र आजीचीच चालते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच दुसऱ्या ओळीतले शब्द काढून तिथे संस्कृत बसवायला, आणि तरी आजही आपण वकीलच लावतो ना. एकच काम आपण विचारतो, सवाल करतो आणि पृच्छाही करतो, पण पृच्छा करणाऱ्याला आपण चहा विचारत नाही. इंग्रजीत अगदी हाच प्रकार आहे: आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंच, इंटरॉगेट लॅटिन. पोरांना एवढं समजलं की अर्धं काम झालं.

मग हिरवा पेन काढा. रोमन लोक साधारण इ.स. 410 च्या सुमाराला ब्रिटन सोडून गेले आणि पाचव्या शतकापासून आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या बाजूनं अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या तिथे येऊन बसल्या, अँगल लोकांवरूनच इंग्लंड आणि इंग्लिश. आधीचे जे केल्टिक बोलणारे होते त्यांची भाषा वेल्स, कॉर्नवॉल अशी कडेकडेला उरली. या टोळ्यांची बोली म्हणजे जुनी इंग्रजी. हिच्यातले शब्द ओळखायचा सोपा उपाय म्हणजे छोटे, रोजचे, घरातले शब्द घ्या आणि संस्कृतशी जुळवून पाहा. हा खेळ आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त चालतो.

जुळवायचं असं. संस्कृतात प असेल तिथे इंग्रजीत फ येतो: पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. द असेल तिथे ट: दंत-टूथ, दश-टेन, द्वि-टू. ग किंवा ज असेल तिथे क: गो-काऊ, जन-किन, जानु म्हणजे गुडघा तो नी, आणि ज्ञा म्हणजे नो, जाणणं. आता पाहा, नी आणि नो या दोन्ही स्पेलिंगांत सुरुवातीला जो मुका के आहे ना, तो म्हणजे आपल्या जानुतला आणि ज्ञानातला ज. मुका नव्हता तो, क्नी आणि क्नो असंच बोलायचे. टूच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू म्हणजे द्वि मधला व. नाइटमधलं जीएच म्हणजे नक्त मधला क, तिथे घशातून ख सारखा आवाज निघायचा, जर्मन लोक आजही नाख्त म्हणतात. डॉटरमधलं जीएच म्हणजे दुहितामधला ह. ज्या पोराला डॉटरचं स्पेलिंग तीन वर्षं येत नव्हतं त्याला दुहिता सांगितल्यावर परत चुकलेलं मी तरी पाहिलं नाही.

एक इशारा. लगेच फॅमिली ग्रुपवर "इंग्रजी संस्कृतातून निघाली" असं टाकू नका. निघाली नाही. दोघी एका आजीच्या नाती आहेत, ती आजी काही लिहून ठेवायच्या आत गेली. ही जुळणी 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं भाषणात मांडली, तो तिथे जज होता. प चा फ होणं, द चा ट होणं हा नियम पुढे याकोब ग्रिमच्या नावानं ओळखला जातो, तोच ग्रिम ज्यानं भावाबरोबर परीकथा गोळा केल्या.

वारांची नावं याच हिरव्या पानावर घ्या, आणि यासाठी नागपूरसारखं गाव नाही. आपल्याकडे इतवारी आहे, मंगळवारी आहे, बुधवारी बाजार आहे, शुक्रवारी तलाव आहे. वेन्सडेच्या स्पेलिंगमध्ये मध्येच डी कुठून घुसला म्हणून पोरं रडतात, तो वोडेन नावाच्या देवाचा डी आहे, वोडेनचा दिवस. रोमन लोक ग्रहांच्या नावानं वार मोजायचे, या टोळ्यांनी तो आठवडा उचलला आणि ग्रहांच्या जागी आपापले देव बसवले. बुधाच्या जागी वोडेन, मंगळाच्या जागी टिव म्हणून ट्यूसडे, गुरूच्या जागी गडगडाट करणारा थोर म्हणून थर्सडे, शुक्राच्या जागी फ्रिग म्हणून फ्रायडे. शनी तेवढा तसाच राहिला, सॅटर्डे. म्हणजे बुधवारी बाजारात भाजी घेताना आणि वेन्सडे लिहिताना आपण एकाच ग्रहाचा दिवस मोजून राहिलो.

निळ्या पेनाचं काम छोटं पण मजेचं आहे. 793 मध्ये व्हायकिंग लोकांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, मग येत राहिले, नंतर तिथेच शेती करायला लागले आणि शेजारी झाले. शेजाऱ्याकडून जे येतं ते मोठं नसतं, वाटीभर साखरेसारखं असतं, पण रोज लागतं: एग, विंडो, हजबंड, लॉ, टेक, आणि सगळ्यात भारी म्हणजे दे, देम, देअर ही सर्वनामं. सर्वनाम सहसा कोणी उधार घेत नाही हो. ओळखायची खूण म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला स्क: स्काय, स्किन, स्किल, स्कर्ट. जुन्या इंग्रजीत हा स्क घसरून श झाला होता, म्हणून एकाच मूळ शब्दाचे दोन झाले, घरचा तो शर्ट आणि पाहुण्यांचा तो स्कर्ट. स्कूल मात्र या खुणेत बसत नाही, तो लॅटिनमधून आला, चुकून निळा करू नका. शेजारात राहून व्याकरणसुद्धा कसं बदलतं हे समजवायला बाहेर जायची गरज नाही, पुण्याचा पाहुणा आपलं "मी जाऊन राहिलो" ऐकून हसतो तेव्हा त्याला सांगा की 1956 पर्यंत आपण आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतो, हिंदी बोलणारे शेजारीच राहायचे, "जा रहा हूं" शेजारी ठेवून वाढलेली मराठी आहे ही, आणि इंग्रजीनं तर शेजाऱ्याचं दे आणि देम घेतलं.

लाल पेन आला की थोडा वेळ काढा, इथे माल जास्त आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीचा विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला आणि पुढची जवळपास तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टात फ्रेंच चालली. 1362 मध्ये कायदा झाला की कोर्टातली बाजू इंग्रजीत मांडायची, आणि तो कायदासुद्धा लिहिला होता फ्रेंचमध्येच. सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाच्या खंडपीठाकडे गेलात तर पाट्या वाचत चला, कोर्ट, जज, जस्टिस, अपील, सगळे लाल. आपल्या मराठीच्या दुसऱ्या ओळीतला वकील आठवला ना?

दुसरा पुरावा ताटात आहे. शेतात जनावर राखणारा इंग्रज, म्हणून काऊ, शीप, पिग हे हिरवे शब्द, आणि शिजवून टेबलावर आलं की खाणारा नॉर्मन साहेब, म्हणून बीफ, मटन, पोर्क हे लाल. (इतकी नीट वाटणी त्या काळी होती का यावर जाणकार वाद घालतात, पण शब्द कुठले याबद्दल वाद नाही.) यातला मटन आपल्यापर्यंत पोचला. फ्रेंचमध्ये मुतों म्हणजे मेंढी, जिवंत असलेली, चरणारी. इंग्रजीत गेल्यावर ती मेंढीचं मांस झाली. तिथून मराठीत मटण झालं आणि नागपुरात येऊन त्याचं बकरा झालं. सावजीकडे बसून नाकाडोळ्यातून पाणी काढत मटण खाणाऱ्याला कोणी सांगितलं की तू फ्रेंच शब्द चावून राहिला तर तो म्हणेल आधी रस्सा वाढ.

काळ्या पेनाकडे मी फार वेळ देत नाही. पीएचचा फ झाला, सायकॉलॉजीसारखा पीएस आला, तर डोळे मिटून ग्रीक धरा, बहुतेक वेळा बरोबर निघतं. एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, काही मुकी अक्षरं सरळ सरळ भामटी आहेत. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी इंग्रजीत कोणी कधी बोललंच नाही, शब्द फ्रेंचमधून बिना बी चा आला होता, नंतर विद्वानांना आठवलं की लॅटिनमध्ये डेबिटम आहे म्हणून त्यांनी बी खोचला. आयलंडमधला एस त्याहून वाईट, तो शब्द मुळात घरचा हिरवा, त्याचा लॅटिनशी काही संबंधच नव्हता, दुसऱ्या एका सारख्या दिसणाऱ्या शब्दाकडे पाहून एस चिकटवला. म्हणजे चूक झाली आणि पाचशे वर्षं आपली पोरं मार्क गमावून राहिली.

पोरं इथे हमखास विचारतात की मग आवाज बदलला तर स्पेलिंग का नाही बदललं. याचं उत्तर छापखाना. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला. तेव्हा त्याची पंचाईत अशी की कोणती इंग्रजी छापायची, कारण दर पन्नास मैलांवर वेगळी. त्यानंच 1490 मध्ये एका प्रस्तावनेत किस्सा लिहिला आहे, वारा पडला म्हणून टेम्समध्ये अडकलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले, एकानं एका बाईला खायला एग्स मागितले, बाई म्हणाली मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! शेवटी दुसरा म्हणाला आयरेन पाहिजे, तेव्हा तिला समजलं. आयरेन हिरवा, एग निळा, आणि जिंकला निळा. तर असं स्पेलिंग छापून छापून पक्कं होत गेलं आणि नेमकं त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 मध्ये, लोकांच्या तोंडातले लांब स्वर सरकत गेले. नेमचा उच्चार आधी जवळजवळ आपल्या नामसारखा होता. हाउस हूस होता, माउस मूस होता, आपल्या मूषकासारखा. तोंड पुढे गेलं आणि स्पेलिंग मागे राहिलं, आपण फोटो काढल्यावर वजन वाढवतो आणि आधार कार्डावर जुनाच चेहरा राहतो तसं. हे झाल्यावर पोरांना एक काम द्या: मुकं अक्षर असलेले दहा शब्द घ्यायचे आणि ते अक्षर मोठ्यानं बोलून वाचायचे, क्नी, क्नो, लिस्टेन, व्राइट. शेजारी दार वाजवतील, वाजवू द्या.

आता केशरी. ऑरेंज हा शब्द आपल्याकडचा नारंग, तोही बहुधा दक्षिणेच्या भाषांतून संस्कृतात आलेला, मग फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा, आणि फ्रेंचपर्यंत जाताना पुढचा न गळाला. इंग्रजीत आधी फळ आलं, रंगाला हे नाव सोळाव्या शतकात लागलं, त्याआधी त्या रंगाला पिवळा-लाल असं काहीतरी म्हणून भागवायचे. संत्रानगरीत राहून हे पोरांना माहीत नसणं म्हणजे लाजच. न गळण्याची भानगड इंग्रजीत नेहमीची आहे: अंपायर आधी नंपायर होता, म्हणजे दोन्ही बाजूंना नसलेला तिसरा, पण अ नंपायर, अ नंपायर म्हणता म्हणता न उडी मारून मागच्या शब्दाला चिकटला आणि अॅन अंपायर झाला. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असेल तेव्हा हे सांगा, लक्षात राहतं. केशरी पानावर लूट, जंगल, बंगला, शाम्पू लिहाच, आणि मोंगूस विसरू नका, तो आपला मुंगूसच आहे, मराठीतून गेलेला.

पसरली कशी हे मात्र वहीत शिकवू नका, फिरायला न्या. आधी एवढं सांगा की 1600 च्या सुमाराला इंग्रजी बोलणारे पन्नास-साठ लाखांच्या आसपास मानतात, आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 46 लाखांवर माणसं होती. म्हणजे भाषा गोड होती म्हणून पसरली असं काही नाही. 31 डिसेंबर 1600 ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, 1607 मध्ये अमेरिकेत जेम्सटाउनची वसाहत झाली, 1788 मध्ये ऑस्ट्रेलियात कैद्यांची जहाजं लागली. जहाज, बंदूक आणि हिशेबाची वही, या तिघांच्या मागे मागे व्याकरण गेलं.

मग बर्डीला उतरा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, रोज आत सोडत नाहीत, खालूनच दाखवा: 1817 च्या नोव्हेंबरात इथे भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, दत्तक मान्य न करता डलहौसीनं राज्य खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी, म्हणजे कचेऱ्या, म्हणजे कारकून, म्हणजे इंग्रजी येणाऱ्याला पगार. 1867 मध्ये रेल्वे आली. त्याआधी 1835 मध्ये मेकॉलेचा खलिता निघाला होता की सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणावर घाला. तिथून चालत सिव्हिल लाइन्सकडे निघा, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं, विद्यापीठ 1923 चं. किल्ला, स्टेशन, कॉलेज, याच क्रमानं दाखवा, उलट दाखवलं तर इंग्रजी शाळेतून आली असं पोरांना वाटतं. मध्ये तर्री पोहे खाऊ घाला नाहीतर कोणी ऐकत नाही.

अमेरिकेचं एका वाक्यात उरकते: नोआ वेबस्टरनं 1828 च्या डिक्शनरीत कलरमधला यू काढून टाकला, सेंटरची शेवटची अक्षरं उलटी केली, म्हणून आपल्या पोरांनी शाळेत बरोबर शिकलेलं स्पेलिंग मोबाइल लाल रेघ मारून चूक ठरवतो.

शेवटी चुका कोणत्या करायच्या नाहीत ते. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ असं शिकवू नका, मीही कधीकाळी शिकवलंय, साफ खोटं आहे, नवं या अर्थाच्या न्यूचं ते अनेकवचन. नुसत्या तोंडावळ्यावरून रंग ठरवू नका, आधी पोरानं पेन्सिलनं अंदाज लिहायचा, मग डिक्शनरी उघडायची, मग पेन. आणि काही शब्दांचं गाव खरंच सापडत नाही, डॉग घ्या, जुन्या इंग्रजीत अचानक येऊन बसला आहे, कुठून आला कोणालाच पक्कं सांगता येत नाही. तिथे रंग न भरता सोडायचं.

त्या के वाल्या पोरानं पहिल्याच दिवशी नाइफ हिरवा करून टाकला होता, घरातली वस्तू म्हणून. डिक्शनरी उघडली तर निघाला निळा, व्हायकिंग लोकांचा. त्याचं तोंड पडलं, मग त्यानं काय केलं तर मोबाइलवर स्वीडिश भाषेत सुरीला काय म्हणतात ते शोधलं आणि आवाजाचं बटण दाबलं. बाईचा आवाज आला, क्निव्ह. के एकदम स्वच्छ. त्यानं सहा वेळा वाजवलं, आणि नंतर बॅच सुटेपर्यंत अकराच्या अकरा पोरं एकमेकांना क्निव्ह क्निव्ह करून राहिली होती.